तांदळे सरांची ट्रॅकची वही

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या प्राचार्या, आदरणीय सुनिता ढाकणे मॅडम. प्रमुख पाहुणे, निवृत्त सहसंचालक माननीय रामेश्वर चाळक साहेब. व्यासपीठावरचे सर्व निदेशक आणि मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते सत्कारमूर्ती, माझे गुरू भगवानराव तांदळे सर. त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या भिवराबाई काकू. समोर बसलेले माजी विद्यार्थी. मागं उभी असलेली चालू बॅचची पोरं आणि पोरी. आणि ज्यांच्या अंगावर आज चादरी टाकल्यात ती या वर्कशॉपमधली सगळी लेथ मशीनं! आपणा सर्वांना मांजरसुंब्याच्या रईस दस्तगीर शेखचा आदाब आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिलीत. मॅडम, मी आधीच कबूल करतो की पाच मिनिटांत माझं भागणार नाही. मला भाषणाची सवय नाही. गॅरेजात दिवसभर इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं माईकवर बोलताना मी जरा जोरात बोललो तर माझ्यावर रागावू नका.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी सरांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं कौतुक केलं. सरांच्या हाताखालून किती मेकॅनिक बाहेर पडले, किती जण कारखान्यांत लागले, ते सगळं खरं आहे. पण तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, की नेकनूरहून रोज एस.टी.नं येणाऱ्या या साध्या माणसाकडं एक वही आहे आणि त्या वहीत महाराष्ट्रातले तेवीस मोटारसायकल रेसचे ट्रॅक मोजून लिहिलेले आहेत? मला वाटतं, काकूंना सोडून कुणालाच नाही. परवा सर आणि काकू मुलीकडं नाशिकला कायमचे चाललेत. नंतर कधीतरी बोलीन असं मी लई वर्षं म्हणत आलो. आता ते ‘नंतर’ राहिलेलं नाही, म्हणून आज इथं, सगळ्यांच्या समोर बोलतो.

मी या संस्थेत सरांच्याच मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला होतो. अब्बांचं मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रकचं गॅरेज होतं, त्यामुळं पाना हातात घ्यायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मला पाना नको होता, मला गाडी पळवायची होती. त्या काळात मोठ्या शहरांत मैदानांवर मातीचे ट्रॅक करून मोटारसायकलच्या रेस व्हायच्या. मातीचे ढिगारे, त्यावरून उड्या, गरगर वळणं, बाजूला पब्लिक. मी एक जुनी दोन स्ट्रोकची गाडी जमवली आणि धारूरच्या घाटात, पाटोद्याच्या माळावर पळवायला लागलो. एक दिवस सरांनी मला वर्कशॉपमध्ये बाजूला घेतलं. मला वाटलं, आता काढून टाकतात. सर म्हणाले की तुझ्या गाडीचा पुढचा शॉकअॅब्सॉर्बर चुकीचा भरलाय, ऑइल कमी आहे, संध्याकाळी घेऊन ये. तिथून आमची जोडी जमली.

सरांनी स्वतः आयुष्यात चाळीसच्या वर गाडी चालवली नाही. हसू नका, काकू साक्षीला आहेत. पण माझ्याबरोबर ते पाच वर्षं प्रत्येक रेसला आले. शनिवारी वर्ग संपला की टेम्पोत गाडी टाकायची, काकूंनी दिलेल्या भाकरी आणि ठेचा घ्यायचा आणि निघायचं. रविवारी सकाळी बाकीचे मेकॅनिक गाड्या पुसत बसायचे. सर गाडीकडं बघायचेसुद्धा नाहीत. खिशात टेप आणि बगलेत वही घेऊन ते आधी पूर्ण ट्रॅक पायी फिरायचे. चपला घालून. बूट घातले की जमीन काय म्हणते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक वळणाच्या बाहेर उभं राहून ते स्वतःशीच एकच प्रश्न विचारायचे, ‘इथं पडला तर कुठं जाईल?’

गाडी कुठं जाईल हे सगळेच बघतात. सर माणूस कुठं जाईल ते बघायचे. तो मातीत घसरत थांबेल, का खांबावर आदळेल? मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत राहील, का वाटेतून बाहेर पडेल? तिथून उचलायला माणसं किती वेळात पोचतील? ट्रॅक भारी आहे का हलका, हे लोक उडीच्या उंचीवरून ठरवायचे. सर ते पडणाऱ्याच्या जागेवरून ठरवायचे.

मी ती वही पाहिलेली आहे. काही पानं मला पाठ आहेत. एका गावाच्या पानावर लिहिलंय, ‘माती काळी, पाणी जास्त मारले आहे. पब्लिक दोरीच्या आत. डॉक्टर आहेत, पण दाताचे.’ दुसऱ्या एका पानावर, ‘अॅम्ब्युलन्स हजर. चावी ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर जेवायला.’ एका ट्रॅकला मात्र सरांनी दहापैकी सात दिलेत. तिथं एका म्हाताऱ्या कंत्राटदारानं दर वळणाला उसाच्या पाचटाच्या जाड पेंढ्या रचल्या होत्या आणि त्या पब्लिकनं बसायला उचलून नेऊ नयेत म्हणून स्वतः काठी घेऊन हिंडत होता. सातच्या वर कुणालाच गुण नाहीत. मी एकदा विचारलं होतं की सर, दहा कुणाला देणार? सर नुसते हसले होते.

त्या पाच वर्षांत मी आठ ट्रॉफ्या आणल्या. त्या आमच्या घरी आजही शोकेसमध्ये आहेत. अम्मी, म्हणजे माझी आई हजराबी, दर शुक्रवारी त्या पुसते.

आता मी त्या रविवारावर येतो. दोन हजार चारचा जानेवारी. राज्याच्या स्पर्धेची शेवटची रेस, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात. शहराचं नाव घेत नाही, आता तिथं ते मैदानही राहिलेलं नाही. गुणांमध्ये मी दुसरा होतो. पहिला होता जीवन नागरगोजे, आपल्या धारूरचाच. आमच्या दोघांत तीन गुणांचा फरक. एका गाड्यांच्या कंपनीचा माणूस आला होता आणि जो पहिला येईल त्याला ते टीममध्ये घेणार, तामिळनाडूला नेऊन डांबरी सर्किटवर शिकवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी बावीस वर्षांचा होतो. डांबरी सर्किट मी फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलं होतं. तो फोटो कापून मी गॅरेजच्या भिंतीवर लावला होता. काळा, रुंद, वळत जाणारा रस्ता, ज्यावर समोरून कुणीच येत नाही. आपल्या इकडच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला ‘समोरून कुणीच येत नाही’ याचा अर्थ काय वाटतो, ते मला शब्दात सांगता येत नाही.

सकाळी सर ट्रॅक फिरायला गेले आणि तासभर परतले नाहीत. मी बघायला गेलो. तिसऱ्या वळणावर होते. मोठी उडी मारून गाडी खाली आली की लगेच डावीकडं वळण होतं आणि वळणाच्या बाहेर एका जुन्या गोदामाची दगडी भिंत. भिंतीपुढं टायरांची एकच रांग, एकमेकांना न बांधलेली. सरांनी एका टायरला पाय लावला, ते लोळत गेलं. ट्रॅकच्या कडेपासून भिंत अकरा फूट. सरांनी दोनदा मोजलं.

ते आयोजकांकडं गेले. त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. उडी दोन फूट कमी करा, किंवा वळण अलीकडं घ्या, नाहीतर निदान टायरांच्या तीन रांगा करून पट्ट्यानं आवळा. आयोजक माणूस वाईट नव्हता. तो हात जोडून म्हणाला की जेसीबी परत गेला, दुपारी पाहुणे येणार आहेत आणि दोन वर्षं इथंच रेस होतेय, या वळणावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग सरांनी स्वतःच मैदानभर फिरून टायर गोळा करायला सुरुवात केली. एकेक टायर लोळवत आणायचे. सात झाले. आठव्याला एका माणसानं अडवलं, ते टायर जाहिरातीच्या बोर्डाच्या टेकूचं होतं. सर थांबले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ते तिथंच उभे राहून भिंतीकडं बघत राहिले आणि मग आमच्या तंबूकडं आले.

“रईस, आज आपल्याला पळायचं न्हाई,” ते म्हणाले.

मला आधी वाटलं, गाडीत काही निघालं. मी म्हणालो, “सर, बाकीचे अठ्ठावीस जण पळणारेत.”

“त्यांचे सर वेगळे हायेत.”

एवढं बोलून ते खाली बसले, पुढच्या चाकाचा नट सोडला, अॅक्सल बाहेर ओढला, फडक्यानं पुसला, रुमालात गुंडाळला आणि भाकरीच्या पिशवीत ठेवला. चाक बाजूला पडलं. मी काय केलं? मी हात लावला नाही. इथं बसलेल्या पोरांनो, तुम्ही म्हणाल, दुसरा अॅक्सल घ्यायचा. जीवनची गाडी त्याच मॉडेलची होती. त्याच्या पेटीत जादा अॅक्सल होता, मी डोळ्यांनी पाहिला होता आणि तो मागितला असता तर त्यानं दिला असता, असा दिलदार माणूस तो. वीस पावलांवर त्याचा तंबू होता. मी गेलो नाही. का गेलो नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

रेस झाली. मी दोरीला धरून उभा राहून पाहिली. सर तिसऱ्या वळणाजवळ, जिथून ती भिंत दिसते तिथं वीस मिनिटं उभे होते. आता मी जे सांगतो ते नीट ऐका, कारण अशा गोष्टीचा शेवट लोकांना वेगळा अपेक्षित असतो. त्या वळणावर कुणीही पडलं नाही. एकही नाही. अठ्ठावीस गाड्या, बारा फेऱ्या, सगळे सुखरूप. जीवन पहिला आला. कंपनीच्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो मी पाहिला.

परत येताना सर टेम्पोत पुढं बसले, मी मागं, गाडीजवळ. मांजरसुंब्याला उतरलो तेव्हा सरांनी रुमालातला अॅक्सल पुढं केला. मी घेतला नाही. त्यांनी तो गॅरेजच्या ओट्यावर ठेवला आणि ते नेकनूरला गेले. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी सरांशी बोललो नाही.

अकरा वर्षं, मॅडम. नेकनूरची सकाळची गाडी मांजरसुंब्याच्या फाट्यावर थांबते. सर डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचे. गॅरेज समोरच. गाडी थांबली की मी पाठ फिरवून काहीतरी शोधायला लागायचो. रोज. पावसात, उन्हात, सणाच्या दिवशीसुद्धा. कंडक्टरलासुद्धा हे कळलं असेल. फोटो मी भिंतीवरून काढला, पण फाडला नाही. गाडी देऊन टाकली. ट्रकची इंजिनं उतरवायची, भरायची, असं माझं सुरू झालं. लग्न झालं, जिनत आणि खुशनुमा अशा दोन मुली झाल्या, अब्बा वारले. बाहेरून सगळं ठीक होतं. पण संध्याकाळी चारच्या सुमाराला, काम हलकं झालं की एखादी दोन स्ट्रोकची गाडी फाट्यावरून जायची आणि तिचा आवाज दूर जाईस्तोवर माझा हात पान्यावर थांबायचा. माझी बायको एकदा म्हणाली की तुम्ही कान कुठं ठेवून येता?

जीवन मात्र मला विसरला नाही. तो वर्षातून एक-दोनदा फोन करायचा आणि मी विचारलेलं सगळं सांगायचा. कुठलं सर्किट किती लांब, डांबर कसं आहे, पहिल्या पावसानंतर कुठं घसरतं. तो मलेशियाला जाऊन आला तेव्हा म्हणाला की भावा, वळणाच्या बाहेर इतकी मोकळी जागा ठेवलीय, की आपल्या नेकनूरचा अख्खा बाजार त्यात भरेल. मी तासभर विचारत राहिलो. फोन ठेवल्यावर रिकामं रिकामं वाटायचं, तरी पुढच्या फोनची वाट बघायचो. तो चार वर्षं पळाला, मग खांदा निखळला म्हणून थांबला आणि तामिळनाडूतल्या एका सर्किटवर शिकवायला लागला.

दोन हजार पंधरा साल. एक दिवस नेकनूरची गाडी फाट्यावर थांबली, मी पाठ फिरवली आणि गाडी निघून गेली. मी वळलो तर सर गॅरेजपुढं उभे. केस पांढरे झालेले. बगलेत ती वही. मला वाटलं, ते माफी मागतील, किंवा मला मागायला लावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

“रईस,” ते म्हणाले, “चांगला ट्रॅक कसा असतो ते मी कधी बघितलंच न्हाई. तेवीस ट्रॅक मोजले, सगळ्यांत काय वाईट ते सांगत आलो. चांगलं न बघता सांगत आलो. जीवन त्याच्या सर्किटवर या म्हणालाय. मला एकट्याला तिकडं भाषा यायची न्हाई. तू येतोस का?”

अकरा वर्षं मी उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. मी विचारलं की कुठल्या तारखेला.

आम्ही सोलापूरला जाऊन रेल्वे पकडली. डब्यात समोरासमोर बसलो. गाडी सुटल्यावर सर सहज म्हणाले की औंदाचा शिरखुर्मा चांगला होता, पण बदाम कमी होते. मी म्हणालो, कुठला शिरखुर्मा? तेव्हा मला कळलं की माझी अम्मी ही सगळी अकरा वर्षं दर ईदला नेकनूरच्या गाडीत कंडक्टरकडं सरांचा डबा देत होती आणि काकू तो दिवाळीला फराळ भरून परत पाठवत होत्या. तो फराळ मी दर वर्षी खाल्ला होता, शेजारच्यांचा म्हणून! काकू, तुमच्या चकल्या मी रागात असताना खाल्ल्यात. तरी चांगल्या लागल्या, हे आज सांगून टाकतो.

त्या सर्किटवर आम्ही सकाळी पोचलो. जीवन गेटवर आला, सरांच्या पाया पडला, मला मिठी मारली. पायी फिरायची परवानगी त्यानं काढून ठेवली होती. तिथल्या माणसानं बूट घालायला सांगितलं, जीवननं त्याला तमिळमध्ये काहीतरी समजावलं आणि सर चपला घालून डांबरावर उतरले. पावणेचार किलोमीटर. त्यांनी एकही वळण सोडलं नाही. वळणाच्या बाहेर आधी मोकळं डांबर, मग बारीक गोल खडीचा रुंद पट्टा, मग टायरांची भिंत, चार-चार रांगा पट्ट्यानं आवळलेल्या. दर थोड्या अंतरावर झेंडेवाल्याची चौकी, एका चौकीतून पुढची दिसेल अशी. सर टेप लावायचे आणि आकडा मला सांगायचे, मी वहीत लिहायचो. आकडा सांगताना त्यांचा आवाज दर वळणाला बारीक होत गेला.

नवव्या वळणावर त्यांनी टायरांच्या भिंतीवर हात फिरवला आणि थांबले. एका पट्ट्याचा बोल्ट ढिला होता. बोटानं फिरत होता. मी मनात म्हणालो, झालं, इथंही निघालं. सरांनी जीवनला दाखवलं, जीवननं चौकीतल्या माणसाला सांगितलं, तो वायरलेसवर बोलला. आम्ही पुढं निघणार तेवढ्यात एक जण दुचाकीवरून आला, त्यानं पान्यानं तो बोल्ट आवळला, शेजारचे चार तपासले, कागदावर वेळ लिहिली, सरांना हात जोडून थँक्यू म्हणाला आणि गेला. सात-आठ मिनिटंसुद्धा झाली नसतील.

सर तिथंच टायरांवर बसले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, बाटली हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, “म्या तेवीस ट्रॅकांवर सांगितलं, रईस. पाना घेऊन कुणीच आलं न्हाई रे.”

दोस्तांनो, ट्रॅक-ट्रॅकमध्ये फरक काय असतो, हे मला त्या दिवशी समजलं. तिथलं डांबर गुळगुळीत होतं म्हणून ते चांगलं नव्हतं. ढिला बोल्ट तिथंही निघाला. पण एका अनोळखी, चपला घातलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसानं बोट दाखवलं आणि कुणीतरी आलं. सरांनी त्या सर्किटला वहीत किती गुण दिले, ते तुम्ही त्यांनाच विचारा. मला त्यांनी ते पान दाखवलं नाही.

दुपारी जीवननं मला शिकाऊ लोकांच्या तुकडीत घातलं. चामडी सूट, हेल्मेट, भाड्याची गाडी. मी तेहेतीस वर्षांचा, पोट सुटलेलं. पहिली फेरी हळू मारली. दुसरीत हात आठवायला लागले. तिसऱ्या फेरीत लांब सरळ रस्त्यावर मी गाडी पूर्ण उघडली आणि समोरून कुणीच येत नव्हतं. माफ करा, जरा पाणी घेतो.

हां. तर पाचव्या फेरीत मी पडलो. वळणात जास्त घाई केली आणि मागचं चाक सुटलं. डांबरावर घसरत गेलो, मग खडीत, आणि खडीनं मला असं धरलं जसं कुणी बखोटीला धरावं. थांबलो. आभाळ दिसत होतं. झेंडेवाल्यानं पिवळा झेंडा काढलेला, दोन माणसं माझ्याकडं पळत येत होती. मी उठून उभा राहिलो. टायरांची भिंत माझ्यापासून अजून बरीच लांब होती. आणि जाळीपलीकडं सर उभे होते, दोन्ही हातांनी जाळी धरून. मी खुणेनं बोलावलं तरी ते हात सुटेनात.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही दोघं प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सूट काढायचा राहिला होता. सर माझ्या बाहीत अडकलेले खडे एकेक करून बोटानं काढत होते. तेव्हा मी विचारलं.

“सर, त्या दिवशी मी पळालो असतो तर मेलो असतो का?”

त्यांनी हातातला खडा खाली ठेवला. “न्हाई वाटत. त्या वळणावर कुणीच पडलं न्हाई. तू तर त्या दिवसांत पडतच नव्हतास. म्या लई वेळा मनात ती रेस लावून बघितली. दहातल्या नऊ वेळा तू जिंकतोस.”

“मंग कावून चाक काढलं?”

“दहावी मला दिसत हुती.”

मी विचारलं की आज पुन्हा तेच मैदान, तीच भिंत असती तर? सर म्हणाले की आजही काढलं असतं. मग त्यांनी माझ्या बाहीतला आणखी एक खडा काढला. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “पण तुला जिंकताना बघायचं लई मनात हुतं, रईस. तुला वाटतं तुझी एकट्याची गेली ती रेस. माझी बी गेली.”

ही गोष्ट इथवरच आहे. त्यानंतरची दहा वर्षं आमचं येणंजाणं आहे, दोन्ही घरचे डबे आता उघडपणे फिरतात. माझ्या जिनतनं गेल्या वर्षी याच संस्थेत सरांच्या ट्रेडला प्रवेश घेतला, ती मागं उभी आहे आणि बापानं चारचौघांत हे काय काढलं म्हणून लाजतेय.

सर, लोक अशा वेळी म्हणतात की तुमच्यामुळं मी आज जिवंत आहे. मी तसं म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि खोटं बोललेलं तुम्हाला आवडत नाही. मी तुम्हाला माफ केलं असंही म्हणणार नाही, कारण माफ करण्यासारखं तुम्ही काही केलं होतं का, हेच माझं ठरत नाही. मला जे माहीत आहे तेवढंच सांगतो. ती रेस मला अजून पाहिजे. त्रेचाळीस वर्षांचा झालो तरी पाहिजे. आणि तुमच्याकडं पाठ करून काढलेली ती अकरा वर्षंही मला परत पाहिजेत. तेव्हा तुम्ही रोज दोन मिनिटं फाट्यावर असायचात, मी नुसतं वळायचं होतं. कुणी मला विचारलं, की दोन्हींतलं एकच मिळेल, कुठलं घेतोस, तर आधी मी रेस म्हणालो असतो. हल्ली मी गप्प बसतो. परवा तुम्ही नाशिकला गेल्यावर मला वाटतं माझं उत्तर ठरलेलं असेल.

नाशिकला लेकीच्या घराजवळ एखादं मैदान असेल, तिथं पोरं गाड्या पळवत असतील. तुम्ही बघायला जाणारच, काकूंनी कितीही अडवलं तरी. जा, सर. फक्त उन्हात टोपी घालून जा.

अध्यक्ष मॅडमनी घड्याळाकडं न बघता मला बोलू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. चाळक साहेबांना जेवायला उशीर झाला, त्याचा दोष माझा आहे. भिवराबाई काकूंचे, ज्यांनी दुसऱ्याच्या पोराचे चिखलाचे कपडे पाच वर्षं धुतले, त्यांचे आभार मानायला माझ्या मराठीत शब्द कमी पडतात आणि माझ्या उर्दूतही. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान उणा पडला असेल, गॅरेजातली भाषा मधेच डोकावली असेल, तर आपलाच माणूस समजून सांभाळून घ्या.

सर, खुदा तुम्हाला लई आयुष्य देवो. मी थांबतो.